पाच पावलं, वीस नखं

बल्लारपूर, ९ जानेवारी २००६

हेमराज,

वर 'प्रिय' लिहिणार होतो. त्याआधी कालच्या रविवारची पुरवणी आणखी एकदा वाचली आणि तो शब्द राहू दिला.

चौथं पान. तुझा फोटो तीन कॉलम रुंद, हात हनुवटीला. खाली मोठ्या अक्षरात तुझं वाक्य : 'सहा महिने मी चंद्रपूरच्या जंगलात राहिलो. ओल्या वाळूत पोटावर पडून प्राण्यांची पावलं टिपली.'

पोटावर मी पडलो होतो, हेमराज. मूल गावाच्या पुढे, मला पावलं दाखवणाऱ्या बुधरीबाईच्या टोल्याच्या, त्या लहान वस्तीच्या मागच्या नाल्यात, अकरा वेळा. उजव्या ढोपराची खपली अजून गेलेली नाही. तू सहा महिन्यांत एकदा आलास आणि जीपमधून खाली उतरला नाहीस, कारण बूट नवे होते.

पुण्याच्या संस्थेनं आश्रमशाळांच्या मुलांसाठी पुस्तक काढायचं ठरवलं, 'कोणाचं पाऊल?' चित्रं बत्तीस. काम तुझ्याकडे आलं, कारण तुझ्याकडे नागपूरचा डिप्लोमा आहे, स्टुडिओ आहे. तू ते माझ्याकडे दिलंस, कारण तुला ते येत नव्हतं. यात मला काही वाईट वाटलं नव्हतं. आपण एका बाकावर सातवीपर्यंत बसलो. पुढे तुझ्या बापानं तुला नागपूरला धाडलं आणि माझ्या बापानं मला पाट्या रंगवणाऱ्याकडे ब्रश धुवायला. स्टेशनवरच्या चहाच्या टपरीवर माझ्या खांद्यावर हात टाकून तू बोलला होतास, "शाल्या, कव्हरवर दोघांची नावं. तुझं आधी." पैशाचं मी बोलत नाही, ते तू वेळेवर दिलेस. मी नावाचं बोलतो आहे.

पुरवणीत कव्हरही छापलं आहे. मी भिंग लावून पाहिलं. 'चित्रे : हेमराज वनकर.' बस. आभारातही मी नाही. तुझ्या जीपचा ड्रायव्हरही नाही, म्हणजे आम्ही दोघं सारखे.

काल तुला फोन करून अभिनंदन केलं. तू म्हणालास, "अरे, पेपरवाले काहीही छापतात." मी म्हणालो, "हो ना." माझ्या आवाजात तुला काही जाणवलं नाही. तुला बारीक गोष्टी कधीच जाणवल्या नाहीत.

हे पत्र आज टाकणार नाही. पेनाच्या निबा ठेवतो त्या डब्यात राहील. पुस्तक शाळेत पोचलं की तुला सगळं एकदम मिळेल, तारखांसकट. चोवीस चित्रं झाली आहेत. आठ बाकी आहेत. त्यातलं एक वाघाचं आहे.

२४ जानेवारी

वाघाचं आज पूर्ण झालं. कसं केलं ते तुला नीट सांगतो, कारण मुलाखतीत तुला कोणी विचारलं तर दोन वाक्यांच्या पुढे तुला जाता येणार नाही.

फ्लेक्स आला आणि माझ्या पाट्या गेल्या, नाटकांचे पडदे गेले. हातात बावीस वर्षांची कला आणि समोर एकही भिंत नाही. तेव्हा स्टेशन रोडवरच्या बाबूभाईच्या कॉम्प्युटरच्या दुकानात पहिल्यांदा चित्रं काढायचा टॅबलेट पाहिला; पेन पाटीवर फिरतं, रेघ कॉम्प्युटरच्या पडद्यावर उमटते. बाबूभाई म्हणाला, "शालिकभाऊ, कुछ नहीं, स्लेट-पेन्सिल है बस. बालवाडी फिर से चालू!" तूही माझ्याकडे तो एकदा हातात घेऊन पाहिलास. पाच मिनिटांत ठेवून दिलास. "हात इथं अन् रेघ तिथं? हे भुताचं काम आहे बाप्पा," म्हणालास आणि पुन्हा माऊस धरलास. आजही माऊसच धरतोस.

मी भुताचं काम शिकलो. हात दिसला की नजर खाली जाते, म्हणून साधनाचं भांडी पुसायचं फडकं हातावर टाकून सराव केला. दोन महिने. साधना येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "आमच्याकडे हात झाकून चित्रं काढून राह्यले. आता डोळे झाकायचे बाकी आहेत." टॅबलेटच्या प्लास्टिकवर पेन घसरतं, म्हणून वर पेपर मिलचा जाड कागद चिकटवला. कागदानं निबा झिजायला लागल्या, तर जाड नायलॉनच्या दोरीचे तुकडे पॉलिशपेपरवर घासून निबा केल्या. पेनाच्या दाबाच्या पाचशे बारा पायऱ्या असतात. वाळूत मोराचं बोट उमटतं ती रेघ सुरुवातीला हलकी, मध्ये जड, टोकाला पुन्हा हलकी, ती त्या पायऱ्यांवर चढून उतरूनच येते. लोडशेडिंगमुळे दर दोन मिनिटांनी सेव्ह. हे मला कोणी शिकवलेलं नाही.

आता वाघ. ओल्या वाळूवरून गेलेला, पाच पावलं एका ओळीत. प्रत्येक पावलाला मागची गादी, पुढे चार बोटं. आणि प्रत्येक बोटापुढे एक नख. पाच पावलं, वीस नखं.

इथल्या कोणत्याही शेळ्या चारणाऱ्या पोराला विचार. वाघ नखं मिटून चालतो. त्याच्या पावलात नख उमटत नाही. नख उमटलं की ते कुत्र्याचं, कोल्ह्याचं, तडसाचं. हे ज्याला माहीत नाही त्यानं जंगलात सहा महिने काय, सहा तास काढलेले नाहीत.

प्रकाशन बुधरीबाईच्या टोल्याजवळच्या आश्रमशाळेत व्हायचं आहे, एप्रिलमध्ये. समोर जंगलातली माणसं बसतील आणि स्टेजवर तू.

एक गोष्ट लिहून ठेवतो. पहिली नखं काढताना हात उठेना. बावीस वर्षांत मी ठरवून चुकीची रेघ कधी मारली नव्हती. एकदा एका लग्नाच्या पाटीवर नवरीचं नाव चुकलं होतं, तर घरी जाऊन माफी मागितली होती. दुसऱ्या पावलापासून मात्र सोपं गेलं. पाचवं पाऊल काढताना तर मी शीळ वाजवत होतो, असं साधना म्हणते.

१२ फेब्रुवारी

नमुन्याच्या लहान फायलींची सीडी तुला मिळाली. तुझा फोन आत्ताच येऊन गेला. तुझे शब्द जसेच्या तसे :

"शाल्या, वाघ जबरदस्त! सगळ्यात बेस्ट तोच. फक्त नखं अजून धारदार कर. वाघ वाटला पाहिजे ना बे!"

मी विचारलं, "आणखी धारदार?"

"हो. टोकं काढ चांगली. पोरं घाबरली पाहिजेत."

फोन ठेवला आणि इतका हसलो की साधना भाकरीच्या पिठाचे हात घेऊन बाहेर आली. "काय झालं? कोनी मेलं का?"

"नाही. एक जण स्वतःच्या पायानं चालत येऊन राह्यला."

ती आत गेली. तिला ते आवडलं नाही. तुझ्या बायकोशी तिचं अजून बोलणं आहे.

नमुन्याच्या फायली बारीक असतात, छपाईला चालत नाहीत. छपाईच्या मोठ्या फायली मार्चमध्ये द्यायच्या. त्यात धारदार करून देतो, असं तुला कबूल केलं आहे.

४ मार्च

काल बुधरीबाईकडे गेलो होतो. नमुने बाबूभाईच्या प्रिंटरवर काढून नेले. बाकीची पावलं तिला दाखवून तपासून घ्यायची, असं घरी सांगितलं. खरं म्हणजे मला ते पान तिच्या हातात पाहायचं होतं. तिचं हसू आधी चाखून ठेवायचं होतं.

तू तिला पाहिलेलं नाहीस. साठीची बाई. शाळा नाही, पण जमीन वाचते. मला पावलं तिनंच शिकवली. कोणतं सकाळचं, कोणतं कालचं, कोणतं पोटुशी हरणीचं.

ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. वाघाचं पान तिच्या हातात दिलं. ते तिनं लांब धरलं, मग जवळ.

"हे कोनाचं होय, भाऊ?"

"वाघाचं."

ती हसली नाही. "वाघ नखं मिटून चालते. तुले मीच दाखवलं होतं ना, नाल्यात? तू विसरला?"

हेमराज, तिच्या तोंडावर मी चुकलो हे मला सहन झालं नाही. तोंडातून आपोआप निघालं, "मी नाही काढलं बाई. नागपूरच्या साहेबानं काढलं."

"असं काय!" तिचा चेहरा मोकळा झाला. मग तिनं गठ्ठा मांडीवर घेतला आणि एकेक पान उलटायला लागली. अस्वल. मोर. साळिंदर. सांबराचा खूर चिखलात फाकतो ते पान तर तिनं बोटानं चाचपून पाहिलं, खरंच खोलगट आहे की काय म्हणून. "हे पन त्यानंच काढले?"

एक त्याचं आणि एकतीस माझी, असं कसं सांगणार? मान हलवली.

"हुशार हाय सायब," ती म्हणाली. "सांबर पाह्य, जसं आत्ताच गेलं. एका जागी चुकला. चुकते मानूस. त्याले एक डाव घेऊन ये, मी दाखवतो त्याले." मग माझ्याकडे पाहून विचारलं, "मंग तू काय करतं, भाऊ? त्याचे कागद उचलतं?"

पोरं जमली होती. त्यांना वाघाचं पान दिसलं आणि ती फिदीफिदी हसली. एक पोरगी म्हणाली, "कुत्रा होय हा! मोठा कुत्रा!" जे ऐकायला गेलो होतो ते ऐकलं. कानाला काहीच गोड लागलं नाही.

एसटीत खिडकीशी जागा मिळाली. मूल येईपर्यंत ते एकच वाक्य. त्याचे कागद उचलतं.

पेपरात तू माझं नाव खाल्लंस. टोल्यावर मी स्वतःच ते तुला वाढून आलो.

२१ मार्च

छपाईची सीडी गेली. वाघाची नखं काढून टाकली आहेत. वीसच्या वीस. वाळू पुन्हा भरली, कणाकणानं, दीड दिवस लागला.

साधनाला सांगितलं की मुलांसाठी केलं, त्यांच्या हाती खोटं नको जायला. तिला बरं वाटलं. तुला खरं सांगतो, कारण तुझ्यासमोर चांगलं दिसायची मला गरज नाही. मुलांना त्या पुस्तकावाचूनही वाघ कळतो, हे मी डोळ्यांनी पाहून आलो. मी बदललं ते यासाठी, की पुस्तक कोणाच्याही नावानं निघो, आत माझ्या हातची चूक नको. राग गेला म्हणून बदललं असं समजू नको. राग आहे तिथंच आहे.

सीडी मिळाल्यावर तुझा फोन.

"शाल्या, नखं कुठी गेली?"

"काढून टाकली. वाघ नखं मिटून चालतो, हेमराज. पावलात उमटत नाहीत."

"मग अस्वलाला काऊन काढली?"

"अस्वलाला मिटता येत नाहीत."

"तू मला शिकवून राह्यला का? पाच वर्षं अ‍ॅनाटॉमी केली मी. तू सातवी पास."

मी दुसऱ्यांदा सांगितलं. तू म्हणालास, "इंदुताईंना नमुना दाखवून झाला आहे, त्यांना तो वाघ आवडला." संस्थेच्या इंदुताईंना पुण्यात बसून वाघ आवडणारच. मी तिसऱ्यांदा सांगितलं, "विचार कोणाला तरी." तू म्हणालास, "मी बघतो काय करायचं," आणि फोन ठेवलास.

तीनदा सांगितलं. तारीख एकवीस मार्च, सकाळी दहा ते सव्वादहा. हे इथं लिहून ठेवतो आहे.

इंदुताईंचा नंबर माझ्याकडे होता. पुरवणीत खाली छापला होता. मी तो फिरवला नाही.

९ एप्रिल

काल प्रकाशन झालं. तुला माहीतच आहे, पण मला जे दिसलं ते तुला दिसलेलं नाही.

शाळेच्या मांडवात मी चौथ्या रांगेत होतो. पुस्तकं वाटली. मी सरळ पान सव्वीस उघडलं. पाच पावलं माझी आणि पुढे वीस नखं. भिंगाची गरज पडली नाही. सुरुवातीपासून टोकापर्यंत एकाच जाडीची रेघ, वळणावर तुटलेली. तुझ्या टेबलावर पेन नाही, माऊस आहे. एवढ्या सगळ्या पुस्तकात तुझ्या हातचं तेवढंच.

इंदुताईंनी प्रकाशनाला गावातली जाणती म्हणून बुधरीबाईला स्टेजवर बोलावलं. चांगली पद्धत. तिनं फीत सोडली, पुस्तक घेतलं आणि सगळ्यांसारखं एक पान दाखवून बाजूला व्हायच्या ऐवजी तिथंच उभी राहून पानं उलटायला लागली. लोक थांबले. तू हसत होतास, फोटोवाल्याकडे बघत.

"सायब, हे कोनाचं?"

तू माईकमधून ठणकावून सांगितलंस, "वाघाचं, आजी!"

आधी पोरं हसली. मग मागे उभे राहिलेले बापे हसले. हेडमास्तर रुमालात हसला. बुधरीबाई शांतपणे म्हणाली, "एक डाव निरोप देल्ला होता, सायब. वाघाले नखं नाई उमटत. तुमी सा महिने होते ना जंगलात?"

तिला वाटलं होतं की निरोप मी पोचवला असेल.

मी तुझा चेहरा पाहत होतो. याच चेहऱ्यासाठी जानेवारीपासून जगत होतो म्हण. आणि तेवढ्यात तू मला शोधलंस. चौथ्या रांगेत, बरोबर. तुझी नजर अशी धारदार मी कधी पाहिली नव्हती.

"हे पान..." तू म्हणालास, "हे पान आमच्या शालिकरामनं केलं. तो बसला आहे तिथं. सातवी शिकलेला आहे, घाईत चुकला. आपण त्याला माफ करू."

सगळा मांडव माझ्याकडे वळला. पुस्तकावर माझं नाव नव्हतं. तू ते मांडवभर घेतलंस, पहिल्यांदा, आणि त्या एका पानासाठी.

इंदुताईंनी माईक घेतला. "शालिकराम कोण?"

"माझा... रंग भरतो तो."

"रंग भरणाऱ्यानं वाघाचं पाऊल काढलं?" बाई मास्तरीण होत्या म्हणे पूर्वी, आवाज तसाच. "मग बाकीची पावलं कोणी काढली?"

मी उभा राहिलो. हात खिशात घालावे की बाहेर ठेवावे ते सुचेना.

"नखांची चूक माझी," मी म्हणालो. "ती मी काढली होती, जानेवारीत, जाणूनबुजून. बाकीची एकतीस पावलंही माझीच आहेत. प्रत्येकाची फाईल माझ्याकडे आहे, पहिल्या रेघेपासून, थरावर थर, तारखेसकट. साहेबांना त्यांच्या फायली मागा. त्यांच्याकडे फक्त शेवटचं चित्र असेल."

मग कोणी काही बोललं असेल. मला फक्त बुधरीबाई ऐकू आली. माईकशिवाय, स्टेजच्या कडेला येऊन : "तूच काढले? सांबर पन?"

"हो, बाई."

"मंग मले खोटं काऊन बोलला?"

तिला अजून उत्तर दिलेलं नाही. तिच्याकडे जाईन. तुझं आणि माझं एवढ्यात एक झालं, की आपण दोघंही तिच्याशी खोटं बोललो. हे लिहायला मला आवडत नाही, पण खरं ते खरं.

२ मे

इंदुताई परवा बल्लारपूरला आल्या होत्या. माझ्या घरी. बाबूभाई पण येऊन बसला, कॉम्प्युटर ऐनवेळी अडला तर म्हणून. "मॅडम, ये आदमी हाथ पे कपड़ा डालके सीखा है, हमारे सामने," हे त्यानं तीनदा सांगितलं. बत्तीस फायली मी एकेक उघडून दाखवल्या. थर बंद केले, चालू केले. वाळू, मग पाऊल, मग सावली. मधेच वीज गेली तर तेवढा वेळ त्या साधनाशी बोलल्या. तुझ्याकडे त्यांनी दोनदा फायली मागितल्या, असं कळलं. तू सीडी खराब झाल्याचं कळवलंस.

वाघाच्या पानावर मी भिंग ठेवून त्यांना माऊसची रेघ दाखवली. मार्चमध्ये मी नखं काढून टाकून दिलेली मोठी फाईलही दाखवली. त्यांनी भिंग माझ्या हातून घेतलं आणि ते पान स्वतः पुन्हा पाहिलं.

जूनमध्ये शाळा उघडताना दुसरी आवृत्ती निघते आहे. कव्हरवर 'चित्रे : शालिकराम गुरनुले'. आत बुधरीबाईचं नाव, पावलं ओळखून देणारी म्हणून. ते मी मागून घेतलं.

त्या म्हणाल्या, "वाघाचं पान तुमचं बिननखांचं टाकू."

मी म्हणालो, "टाका. आणि समोरच्या पानावर नखांचंही तसंच राहू द्या. खाली छापा : 'यात काय चुकलं?' पोरं हसतील आणि लक्षातही ठेवतील. पण ज्याच्या हातची नखं त्याचं नाव त्या पानाखाली हवं. दुसऱ्याच्या कामावर मी माझं नाव घालत नाही."

इंदुताईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "तुम्ही फार कडक आहात हो," म्हणाल्या. मी हो म्हटलं.

साधना नको म्हणते. जुना दोस्त आहे, जाऊ द्या म्हणते. मी तिला म्हटलं, पेपरात तीन कॉलम फोटो आला तेव्हा त्यानं मला जाऊ दिलं, आता मी त्याला राहू देतो आहे.

त्या पानाखालची ओळ मी छापायच्या टाईपात घेतलेली नाही. पेनानं काढली आहे, पाटीला काढायचो तशी, रेघ जड-हलकी करून. 'चित्र : हेमराज वनकर'. चार वेळा काढली, चौथी ठेवली. तुझं नाव इतकं देखणं आजवर कोणी लिहिलं नसेल.

त्यासाठी संस्थेला तुझी लेखी संमती लागते. कागद सोबत जोडला आहे, खाली फुली केली आहे तिथं सही करून पंधरा तारखेच्या आत इंदुताईंकडे पाठव. सही केलीस तर या पुस्तकात एका पानाचा चित्रकार म्हणून राहशील. नाही केलीस तर एकाही नाही.

शालिकराम